सदृशीकरण आज्ञावलींचा संदर्भनिर्देश
एखाद्या भौतिक घटनेची समीकरणे संगणकावर सोडवून तिची गणिती प्रतिकृती तयार करणे, यास सदृशीकरण म्हणतात. अशा प्रतिकृतीवरून काढलेल्या निष्कर्षात आज्ञावली (संगणकास द्यावयाच्या सूचनांचा संच) रचणाऱ्यांचा आणि तिच्या मुळाशी असलेला सिद्धांत मांडणाऱ्यांचा वाटा असतो. शोधनिबंधात या दोहोंचा निर्देश कसा करावा, या प्रश्नाचे महाराष्ट्राला जवळचे उदाहरण म्हणजे गुरुत्वीय तरंगांचे संशोधन होय. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही ४ किमी. लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा नियोजित असून तिच्या सु. २,६०० कोटी रु. खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली.

हे तरंग अत्यंत क्षीण असल्याने वेधशाळेतील गोंगाटातून ते वेगळे काढण्यासाठी अपेक्षित तरंगरूपे आधीच गणिताने तयार ठेवावी लागतात. क्षुब्ध कृष्णविवराचे कंपन क्षीण होत जाते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणनेने दाखविले. बी. एस. सत्यप्रकाश व संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये तरंगरूपांच्या निवडीची पद्धत मांडली. बाला अय्यर यांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत १९९५ मध्ये युग्मताऱ्यांच्या तरंगांची अधिक अचूक सूत्रे दिली. दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचे पहिले यशस्वी सदृशीकरण फ्रान्स प्रिटोरियस यांनी २००५ मध्ये केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी मिळालेला पहिला तरंग ओळखताना सु. २,५०,००० तरंगरूपांशी जुळणी करण्यात आली.

तरंगरूप देणाऱ्या आज्ञावलीत असे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. केवळ आज्ञावलीचे नाव दिल्यास खालचे थर अदृश्य होतात व मूळ संशोधक श्रेयास मुकतात. केवळ सिद्धांताचा निर्देश केल्यास गणना नेमकी कशी झाली ते कळत नाही. आज्ञावली वारंवार बदलते. एखाद्या आवृत्तीत दोष आढळल्यास तिच्यावर आधारलेले निष्कर्ष शोधून तपासता यावेत, यासाठी आवृत्तीचा क्रमांकही आवश्यक असतो. शोध जाहीर करणाऱ्या फेब्रुवारी २०१६ च्या निबंधात विश्वेश्वरा आणि अय्यर यांच्या पूर्वकार्याचे संदर्भ आहेत, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

आज्ञावलींच्या संदर्भनिर्देशाची सहा तत्त्वे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली : महत्त्व, श्रेय, निश्चित ओळख, चिरस्थायित्व, उपलब्धता व नेमकेपणा. सापेक्षता सिद्धांतावरील गणनांसाठी वापरला जाणारा ‘आइन्स्टाइन टूलकिट’ हा आज्ञावलीसंच याहून एक पाऊल पुढे जातो. संचाबरोबरच त्यातील वापरलेल्या घटकांच्या मूळ निबंधांचाही निर्देश करावा, अशी विनंती त्याचे कर्ते वापरणाऱ्यांना करतात. दुधाळ्याची वेधशाळा कार्यान्वित झाल्यावर तेथील निरीक्षणांचा अर्थही अशाच आज्ञावलींच्या साहाय्याने लावला जाईल. त्यांची वंशावळ नोंदलेली असेल, तरच त्या निष्कर्षांची पुनर्तपासणी शक्य होईल.