परम ९०००

परम ९००० हा पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विकसित केलेला समांतर महासंगणक होता. त्याचे पहिले प्रात्यक्षिक १९९४ मध्ये झाले. नवे प्रोसेसर सामावून घेणारी सुटसुटीत रचना हे त्याचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर आधारित होता. प्रोसेसरांना परस्परांशी जोडणारे दुवे या चिपमध्येच अंतर्भूत असल्याने यंत्राची वाढ मुख्यतः त्याच मालिकेवर अवलंबून होती.

रचना

परम ९००० मध्ये साधारणतः ३२ ते ४० प्रोसेसर असत. क्लॉस जाळ्याच्या साहाय्याने ही संख्या २०० पर्यंत वाढवता येई. सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क व अल्फा या प्रोसेसरांवर आधारित त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

मदरबोर्डशी तुलना

वैयक्तिक संगणकातही प्रोसेसर बदलता येणे मदरबोर्डवर अवलंबून असते. सॉकेट जुळणे आवश्यक असले, तरी पुरेसे नसते. चिपसेट व बायोस यांचेही साहाय्य लागते. उदा. इंटेलचे २०१७ मधील आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटचेच असूनही आधीच्या १०० व २०० मालिकेतील चिपसेटवर अधिकृतपणे चालत नाहीत.