सुईनें गिरविलेलीं अक्षरें

फुलीचा टाका, ज्याला आपल्या घरांतून सर्रास ‘क्रॉस स्टिच’ म्हणतात, तो भरतकामांतील सर्वांत सोपा समजला जातो. शिकाऊ मुलीच्या हातीं मॅटीचें कापड देऊन वडीलधाऱ्या बायका चार सूचना करतात: घरें मोजून सुई घाल, सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेनें पडूं दे, दोऱ्याला गांठ मारूं नको, त्याचें टोंक पहिल्या टाक्यांखालीं दाबून घे, आणि उलटी बाजूही सुलटीइतकीच नेटकी ठेव. या सूचना कां करावयाच्या, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु त्यांचें कारण शोधीत गेलें असतां आपण इंग्लंडांतील गरीब मुलींच्या शाळांपाशीं जाऊन पोहोंचतों. आणि तेथें जें दिसतें, तें केवळ शोभेच्या कामाचा इतिहास म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

छापील नमुने नव्हते त्या काळीं एखादी नवी नक्षी दृष्टीस पडली, कीं युरोपांतील स्त्रिया ती कापडाच्या तुकड्यावर भरून ठेवीत. हें त्यांचें टांचणच. इंग्रजींत त्याला ‘सॅम्प्लर’ म्हणतात. ‘उदाहरण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो शब्द निघाला आहे. १५२० नंतरच्या दशकांत जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें योहान शोन्स्पर्गर यानें नक्षींचें पुस्तक छापलें. परंतु पुस्तक विकत घेणें सर्वांच्या आटोक्यांतलें नव्हतें, आणि कापडावरचें टांचण चालूच राहिलें. तारीख घातलेला ज्ञात असा सर्वांत जुना इंग्रजी नमुना १५९८ सालचा आहे. जेन बॉस्टॉक हिनें भरलेला हा तुकडा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्यावर नक्षीबरोबर मुळाक्षरें आहेत, आणि अ‍ॅलिस ली नांवाच्या मुलीचा १५९६ सालीं जन्म झाल्याची नोंदही आहे. म्हणजे सुई तेव्हांच लेखणीचें काम करूं लागली होती.

अठराव्या शतकांत हें टांचण शाळेचा धडा बनलें. मुळाक्षरें, आंकडे, एखादें धर्मवचन, आणि शेवटीं मुलीचें नांव व वय, असा त्याचा साचा ठरून गेला. याचें एक कारण अगदीं व्यावहारिक होतें. मोठ्या घरांतील चादरी व रुमाल यांवर मालकाचीं आद्याक्षरें आणि क्रमांक भरण्याची चाल होती. धुण्यांत कपडे बदलूं नयेत आणि सर्व चादरी पाळीपाळीनें वापरल्या जाव्यात, हा हेतु. चाकरी धरणाऱ्या मुलीला हें काम येणें अवश्य होतें. आपल्या चार सूचनांचा अर्थ येथें उलगडतो. धागे मोजले नाहींत, तर अक्षर वांकडें होतें. वरचे टाके निरनिराळ्या दिशांना पडले, तर त्यांवर उजेड सारखा पडत नाहीं आणि अक्षर डागाळल्यासारखें दिसतें. गांठ इस्त्रीखालीं उंचवटा करते आणि धुण्यांत सुटतेही. आणि चादरीला अस्तर नसल्यामुळें तिची उलटी बाजू झांकतां येत नाहीं.

शिकविणाऱ्यांची अपेक्षा मुलींनीं कामसू आणि आज्ञाधारक व्हावें, एवढीच बहुधा असे. पण अक्षर एकदां हातांत आलें, कीं त्यानें काय लिहावें हें शिक्षकाच्या स्वाधीन राहत नाहीं. ससेक्समधील अ‍ॅशबर्नम गांवच्या एलिझाबेथ पार्कर हिचें उदाहरण पाहावें. १८१३ सालीं एका मजुराच्या घरीं जन्मलेली ही मुलगी लहानपणींच चाकरीला लागली. सुमारें १८३० सालीं तिनें लिननच्या कापडावर तांबड्या रेशमानें, फुलीच्या टाक्यांनीं, आपली कहाणी भरली. आपल्याला लिहितां येत नाहीं म्हणून आपण हें असें मांडीत आहोंत, अशी तिची सुरुवात आहे. मालकानें केलेला छळ, जीव देण्याचा मनांत आलेला विचार आणि देवाजवळ केलेली याचना, हें सर्व तींत आहे. वेलबुट्टी नाहीं, चौकट नाहीं, ओळीखालीं ओळ. आपल्या आत्म्याचें काय होणार, असें विचारतां विचारतां वाक्य मध्येंच तुटतें. खालचें कापड कोरें आहे. हा तुकडाही त्याच संग्रहालयांत आहे. एलिझाबेथनें जीव दिला नाहीं. पुढें ती आपल्या गांवच्या शाळेंत शिक्षिका झाली आणि १८८९ सालीं वारली.

तिच्याच काळांत बर्लिनहून चौकटीच्या कागदावर रंगविलेले नमुने युरोपभर जात होते. एक घर म्हणजे एक टाका; रंग पाहावा आणि घर भरावें. काम सोपें झालें, सुखवस्तु दिवाणखाने गुलाबांनीं आणि पोपटांनीं भरून गेले, आणि मुळाक्षरें मागें पडलीं. आपल्या भिंतींवरचे चौकटींत बसविलेले राघू-मोर याच पद्धतीनें भरले जातात.

नमुना पाहून भरण्यांत कमीपणा आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांतही निर्मळ आनंद आहे. परंतु शिकाऊ मुलीला वरील चार सूचना देतांना एक पांचवीही द्यावी: पहिल्या कापडाचा एक कोपरा नमुन्यावांचून मोकळा ठेव, आणि तेथें तुला वाटेल तें लिही.