फणेरपेटी आणि चंद्रकोर

परवा भाची आली होती. वय वर्षं चौदा. मोबाईल उशीला टेकवून, त्यातली मुलगी करते तसं आयलायनर लावणं चाललं होतं. एका डोळ्याला छान शेपूट आलं, दुसऱ्याला काही केल्या येईना. मध्येच वळून म्हणाली, "मावशी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा तुझी स्टाईल काय होती गं?"

मला हसूच आलं. १९८६ साल, खडकी. आम्हाला कुठली आलीय स्टाईल! काय लावायचं आणि काय नाही हे घरच्यांनी ठरवलेलं. पण रात्री विचार करत बसले आणि वाटलं, नाही, होती की!

आमचं घर खडकी बाजाराजवळ. आजोबा आणि नंतर बाबा, दोघंही अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत. (ही फॅक्टरी १८६९ सालची.) छावणीचा भाग, त्यामुळे शेजार साऱ्या देशाचा. तमिळ मैत्रिणीचा गजरा आणि भरपूर पावडर, ख्रिश्चन मैत्रिणींची रविवारी चर्चला जातानाची फिकट लिपस्टिक, समोरच्या पंजाबी भाभींच्या भांगातला सिंदूर... हे सगळं बघत आम्ही मोठ्या झालो. आमच्या घरात मात्र लिपस्टिक हे नाटक-सिनेमातल्या बायकांचं काम!

खरं तर लॅक्मे तोवर चांगली जुनी झाली होती. टाटांनी ती १९५२ साली सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जाऊ नये म्हणून नेहरूंनीच टाटांना सुचवलं, असं सांगतात. नाव घेतलं एका फ्रेंच ऑपेरावरून, आणि त्या ऑपेराची नायिका कोण, तर आपल्याकडच्या पुरोहिताची मुलगी! 'लॅक्मे' म्हणजे आपली लक्ष्मीच. हे तेव्हा माहीत असतं तर आईशी वाद घालायला बरं पडलं असतं.

घरात बिनबोभाट चालायची ती विको टर्मरिक. हळदीची ना, मग औषधच! गंमत म्हणजे हा वाद नुसता आमच्या घरात नव्हता. ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खातं आणि कंपनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते. शेवटी कंपनी जिंकली. म्हणजे आईचंच खरं ठरलं म्हणायचं.

राहता राहिलं कपाळ. तिथे मात्र कुणाची हरकत नव्हती, उलट मोकळं ठेवलं तर ओरडा! मग सगळी हौस तिथेच. गंधाच्या बाटलीतली काडी घेऊन कुणी नागमोडी काढायची, कुणी थेंब, कुणी खाली तीन ठिपके. मखमली टिकल्यांची पाकिटंही बाजारात आली होती. माझं काही जमेना. हात थरथरायचा, गंध ओघळायचं.

एक दिवस आजीने ट्रंकेतून तिची फणेरपेटी काढली. लाकडी, झाकणाच्या आत आरसा. आत मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. म्हणाली, "गंध पळतं गं, मेण पळत नाही." काडीच्या टोकाने मेणाची बारीक चंद्रकोर काढली, त्यावर चिमटीने कोरडं कुंकू दाबलं, जास्तीचं फुंकरीने उडवलं. तिचा हात जराही हलला नाही.

हे कुंकूही हळदीचंच. टाकणखार आणि लिंबाच्या रसाने हळद लाल होते, ते आजीनेच सांगितलं. (हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो ना, तसंच.) पुढे कॉलेजभर माझी ओळख तीच, 'ती चंद्रकोरवाली'. चंद्रकोर आणि काजळ, बाकी काही नाही.

आजोबा १९६२ साली गेले. तेव्हापासून आजीचं कपाळ मोकळं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आतल्या खोलीत वाती वळत बसायची आणि आम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. अगदी मलाही नाही. कुंकू लावून घ्यायला तिच्यासमोर बसायचे, पण तिच्या कपाळाकडे कधी नीट पाहिलंच नाही.

ती गेल्यावर ट्रंक आवरताना एक फोटो सापडला. १९५० च्या आसपासचा, आजी-आजोबांचा. आजीच्या कपाळावर बारीकशी चंद्रकोर. तिची ती आवड मला आयती मिळाली होती.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. बातमी वाचली आणि फणेरपेटी काढून बसले. करंड्यात अजून थोडं कुंकू आहे. आजी, तू लावतेस का, एवढं एक वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. कदाचित ती नाहीच म्हणाली असती. पण विचारायला हवं होतं.

असो. भाचीला फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "पणजीचा हात किती स्टेडी होता गं!" मग पुन्हा आरशाकडे वळली. दुसऱ्या डोळ्याचं शेपूट अजून राहिलंच होतं!

तुमच्या घरी फणेरपेटी होती का? आणि ती कुणाची?