पालितांचे दानपत्र

विद्यापीठातील संशोधनास बाहेरून द्रव्य येते तेव्हा त्याचे नेतृत्व कोणाकडे जावे, हा प्रश्न कलकत्त्यास 1912 च्या सुमारास दानपत्राच्या कलमांतूनच उपस्थित झाला. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी लाखोंची मालमत्ता विज्ञानाच्या अध्यासनांसाठी देताना अशी अट घातली की, ती अध्यासने केवळ हिंदी माता-पित्यांच्या पोटी जन्मलेल्या विद्वानांनाच मिळावीत. पुढल्याच वर्षी रासबिहारी घोष यांनी दहा लक्ष रुपये दिले, तेही हिंदी अध्यापकांसाठीच. सरकारी महाविद्यालयांतील वरिष्ठ हुद्दे बहुधा गोऱ्यांसाठी राखून ठेवले जात, हे ध्यानी घेतले म्हणजे या अटीला निव्वळ संकुचितपणा म्हणवत नाही.

तथापि पालितांच्या दानपत्राला आणखी एक शेपूट होते. नियुक्त अध्यापकाने आधी परदेशी जाऊन शिक्षण घ्यावे, अशी त्यात अपेक्षा होती. पदार्थविज्ञानाच्या अध्यासनासाठी कुलगुरू आशुतोष मुखर्जींच्या नजरेसमोर होते चंद्रशेखर वेंकट रामन; हे गृहस्थ दिवसा सरकारी हिशेबखात्याची दफ्तरे तपासीत आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत तंतुवाद्यांच्या तारांची कंपने मोजीत. त्यांनी परदेशी जाण्यास साफ नकार दिला. मुखर्जींनी उमेदवार बदलण्याऐवजी अट सैल करवून घेतली, हे मला त्यांच्या कारभारातील सर्वांत धाडसी कृत्य वाटते. 1917 साली रामन यांनी सरकारी चाकरीचा राजीनामा देऊन, बऱ्याच कमी वेतनावर, अध्यासन स्वीकारले.