किनाऱ्यावरची ‘कुर्सुरा’

आमच्या मंठाळ भागातील माणसास स्मारक म्हटले की बसवकल्याणचा किल्ला किंवा बिदरचा महमूद गवानचा मदरसा आठवतो. समुद्राशी आमचा संबंध नाही. तरीही विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर ‘आयएनएस कुर्सुरा’ ही पाणबुडी आतून पाहिल्यावर, जतन म्हणजे काय याचा आम्हांस नव्याने विचार करावा लागला.

सोव्हिएत बांधणीची ही पाणबुडी 18 डिसेंबर 1969 रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे 91 मीटर, 22 टॉर्पेडो नेण्याची सोय, आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत सुमारे 75 जणांचे खाणे, निजणे व काम! 1971 च्या युद्धकाळात तिने अरबी समुद्रात गस्त घातली. पक्की ओळख पटल्यावाचून युद्धनौकेवर मारा करावयाचा नाही व खास आदेशावाचून व्यापारी जहाज बुडवावयाचे नाही, असे बंधन तिच्यावर होते. संयमाने बजावलेली ही गस्तही युद्धसेवाच होय. पुढे टंचाईच्या काळात तिचे सुटे भाग काढून अन्य पाणबुड्यांना पुरविण्यात आले. सोव्हिएत संघात दुरुस्ती होऊन ती पुन्हा सेवेत आली. 31 वर्षांत सुमारे 73,500 सागरी मैल प्रवास करून ती 27 फेब्रुवारी 2001 रोजी निवृत्त झाली.

तिला भंगारात न काढता किनाऱ्यावर ओढून पक्क्या पायावर बसविण्यात आले, आणि ऑगस्ट 2002 मध्ये ती संग्रहालय म्हणून खुली झाली. निवृत्त नौसैनिकच प्रेक्षकांस ती दाखवितात.

याच्या उलट कथा मुंबईच्या ‘विक्रांत’ची. 1971 चे युद्ध गाजविणारी ही विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली. 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ते बंद झाले आणि 2014 मध्ये नौका मोडीत निघाली. ती आकाराने कितीतरी मोठी व पाण्यात उभी, म्हणून तिचा सांभाळ अधिक कठीण होता, हे मान्य. परंतु सरकारी सेवेत आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली : उद्घाटनासाठी तरतूद होते, दरसालच्या देखभालीसाठी मात्र हात आखडतो. ‘कुर्सुरा’ला पक्की जागा आणि रोजची निगा मिळाली, म्हणून ती टिकली. आमच्याकडील ढासळत्या बुरुजांनाही याहून वेगळे काही नको आहे.