दाढ काढणे आणि दाढ राखणे : दंतमूळ-चिकित्सेच्या इतिहासातील एक भाषिक प्रश्न

पूर्णा नदीच्या काठचे जाफराबाद हे आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत त्याची गणना औरंगाबाद जिल्ह्यात होत असे. येथेच काय, अवघ्या मराठी मुलखात दाढ दुखू लागली की मनुष्य ‘दाढेला कीड लागली’ असे म्हणतो. आणि त्याचे पुढचे वाक्य बहुधा ‘ती काढून टाकावी’ असे असते. या दोन वाक्यांमध्ये दंतवैद्यकाचा फार मोठा इतिहास दडलेला आहे. दाताच्या मुळांवर उपचार करणाऱ्या विशेषज्ञाचे कार्य नेमके कोणते, हे त्या इतिहासाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊ. संस्कृत ‘दंष्ट्रा’ या शब्दापासून प्राकृतात ‘दाढा’ आणि मराठीत ‘दाढ’ झाले. ‘कीट’ पासून ‘कीड’ आले व त्या नामापासून ‘किडणे’ हे क्रियापद सिद्ध झाले. दात किडतो, याचा मूळ अर्थ त्यात किडा शिरतो, असा. ही कल्पना केवळ आपली नव्हे. प्राचीन बाबिलोनी लेखांतही दाताच्या किड्यावरील मंत्र आढळतो. सुश्रुतसंहितेत मुखाचे पासष्ट रोग सांगितले असून त्यांपैकी दातांच्या आठ रोगांत ‘कृमिदन्तक’ हा एक आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतील किडे पाडण्याचा लौकिक उपचार याच समजुतीतून निघाला.

परंतु प्राचीन वैद्यांपुढे उपटण्याचा एकच मार्ग होता, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. किडलेला दात हलत असेल तरच तो उपटावा, हलत नसेल तर अन्य उपचार करावेत, असा भेद सुश्रुताने केलेला आहे. वाग्भटाने तर दाताची पोकळी गूळ किंवा मेण यांनी भरून तापलेल्या शलाकेने डागण्यास सांगितले आहे. आतील वेदनेचे स्थान नष्ट करून दात जागीच ठेवावा, हा हेतू तेथे स्पष्ट दिसतो. वरचा दात हलत असला तरी काढू नये, अन्यथा फार रक्तस्राव होऊन डोळा जातो किंवा तोंड वाकडे होते, असाही इशारा सुश्रुतसंहितेत आहे. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही आज सर्वत्र ऐकू येणारी समजूत या इशाऱ्याशी किती जुळते, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. आधुनिक शरीरशास्त्राला मात्र असा संबंध मान्य नाही.

किड्याच्या कल्पनेस पहिला मोठा धक्का फ्रान्समध्ये बसला. प्येर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाताच्या किड्याचे मत नाकारले. पुढे १८९० मध्ये मिलर याने तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील शर्करेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताला झिजवते, असे प्रतिपादन केले. तेव्हा ‘कीड’ या शब्दातील प्राणी गेला, परंतु शब्द राहिला.

मुळाच्या आतील उपचार याच शतकात आकारास आले. १८३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड याने घड्याळाच्या स्प्रिंगपासून मुळाची नळी साफ करण्याचे बारीक हत्यार बनविले. १८६७ मध्ये बोमन याने त्या नळीत गटापर्चा नावाचा झाडाचा चीक भरला; हा पदार्थ आजही त्याच कामी वापरला जातो. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर मुळाची लांबी व वळण डोळ्यांनी पाहता येऊ लागले. मात्र १९१० मध्ये विल्यम हंटर याने दातांतील पू साऱ्या शरीरात रोग पसरवितो, असे मत मांडले आणि पुढील काही दशके असंख्य दात विनाकारण उपटले गेले. त्या लाटेतून दात वाचविणाऱ्यांनी पुराव्याने आपली बाजू उभी केली. १९४३ मध्ये अमेरिकेत त्यांची संघटना झाली आणि १९६३ मध्ये या शाखेस तेथे स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता मिळाली. ‘एंडोडॉन्टिक्स’ हे तिचे नाव ग्रीक असले, तरी त्यातील ‘ओडोन्त’ आणि आपला ‘दन्त’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत.

भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास पहिले दंत महाविद्यालय काढले. १९४८ च्या मार्चमध्ये दंतवैद्यक कायदा झाला. त्यात पदवीधरांची नोंद एका भागात, आणि पदवी नसताना किमान पाच वर्षे हाच धंदा करणाऱ्यांची दुसऱ्या भागात ठेवली गेली. त्या दिवशी जाफराबाद अद्याप निजामाच्या अमलाखाली होते. त्या राज्याचा अंत सप्टेंबरमध्ये झाला. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय दंत महाविद्यालय १९८२ मध्ये निघाले. कायदा आणि जवळचे शिक्षणकेंद्र यांत चौतीस वर्षांचे अंतर आहे. या अवधीत दुखऱ्या दाढेवर येथील सामान्य माणसाला ठाऊक असलेला उपाय चिमट्याचाच राहिला, यात नवल नाही.

मग विशेषज्ञाचे कार्य कोणते? साधे मूळ-उपचार सर्वसाधारण दंतवैद्यही करतो. परंतु वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळे असून नळ्या पुष्कळदा चार असतात. ती चौथी नळी राहून गेली तर आतील जंतू तेथेच राहतात व दुखणे परत येऊ शकते. वाकडी मुळे, पूर्वी फसलेले उपचार, मुळाच्या टोकाशी करावयाची शस्त्रक्रिया, ही त्याची क्षेत्रे होत. १९८८ पासून निकेल व टायटेनियमच्या लवचिक कानशींनी आणि पुढे सूक्ष्मदर्शकाने हे काम अधिक बिनचूक झाले. रोगट दात म्हणजे गेलेला दात, हे समीकरण त्याने मोडले.

भाषेने ते अद्याप मोडलेले नाही. इंग्रजीत ‘रूट कॅनाल’ हे मुळातील नळीचे नाव होय. मराठीत ‘रूट कॅनाल केले’ असे म्हणताना स्थळाचे नाव क्रियेस मिळाले. लक्षणेने असे होणे स्वाभाविक आहे, व तो शब्द बदलण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. अडचण अन्यत्र आहे. कीड आत पोहोचली की दाढ गेली, असे धरून चालणारा रुग्ण विशेषज्ञाकडे उशिरा जातो किंवा जातच नाही. आणि उपचाराची वेळ टळून गेल्यावर त्याचे म्हणणे खरे ठरते. म्हणून नव्या पारिभाषिक शब्दाहून एका साध्या दुरुस्तीची गरज अधिक आहे. ‘काढणे’ या क्रियापदाचे कर्म दाढ नसून कीड असावे. जाफराबादच्या बाजारात ‘कीड काढा, दाढ राखा’ असे कोणी सहज बोलून जाईल, तेव्हा या शाखेचा इतिहास मराठीत उतरला असे म्हणता येईल.