मामा तलावांतील मासे आणि व्रणरोगाचा शोध

गोंदिया जिल्ह्यातील मासेमारी मुख्यतः माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजेच मामा तलावांवर, वाढली. गोंड राजवटीत कोहळी समाजाने भातशेती आणि उसासाठी असे तलाव बांधले. नवेगावबांधचा जलाशय त्याच परंपरेतला. या पाण्यात ढिवर समाजाचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारी पद्धत, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पुढे मासेमारी सहकारी संस्थांकडे आली. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी कटक येथे पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून रोहूवर्गीय माशांचे प्रजनन घडवले. त्यानंतर रोहू, कटला, मृगळ यांचे बीज गावोगावच्या तलावांत सोडणे सोपे झाले.

बीज आणि मासे दूरवर जाऊ लागले की रोगही त्यांच्यासोबत जातो. १९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरलेला व्रणरोग पुढच्या काही वर्षांत देशभर पसरला. अंगावर लाल चट्टे, मग मांसापर्यंत गेलेल्या जखमा, ही त्याची खूण. मामा तलावांतील मोलाचा मासा मरळ या रोगाला सर्वाधिक बळी पडणाऱ्यांपैकी आहे.

रोगाचे कारण मात्र लवकर उलगडले नाही. जखमांत एरोमोनास जिवाणू हमखास सापडत, म्हणून दोष त्यांना दिला गेला. काहींनी विषाणूकडे बोट दाखवले. असाच रोग जपानमध्ये १९७१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९७२ मध्ये आढळला होता. १९९० च्या दशकात अफानोमायसेस इन्व्हाडन्स ही जलबुरशी मूळ कारण ठरली. तिचे तंतू स्नायूंत घुसतात; जिवाणू मागाहून जखम चिघळवतात. जलबुरशी ही खरी बुरशी नव्हे, शैवालांची दूरची नातलग आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर सीफॅक्स हे औषध काढले.

उलट फसगतही होते, म्हणजे जिवाणूंचा रोग बुरशीचा वाटतो. कॉलम्नॅरिस रोगात माशाच्या तोंडावर किंवा पाठीवर कापसासारखा थर येतो. पण तो जिवाणूंचा असतो आणि कोमट पाण्यात झपाट्याने पसरतो. १९२२ मध्ये अमेरिकेत त्याचे पहिले वर्णन झाले. खरा कापसी झुबका सॅप्रोलेग्निया या जलबुरशीचा. तो बहुधा थंड पाण्यात, आधीच खरचटलेल्या कातडीवर उगवतो. पर झडणे, खवले उभे राहणे, पोट फुगणे ही लक्षणे बहुधा जिवाणूंकडे निर्देश करतात.

नुसत्या डोळ्यांनी केलेले निदान म्हणूनच अपुरे ठरते. जखमेच्या कडेचा स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जलबुरशीचे आडवे पडदे नसलेले फांदीदार तंतू दिसतात. कॉलम्नॅरिसच्या खरवडीत बारीक, लांबट जिवाणूंचे पुंजके दिसतात. हा भेद महत्त्वाचा, कारण प्रतिजैविक जिवाणूंवर चालते, जलबुरशीवर नाही.